सात आत, बाकीची दाराशी

‘मनगट सोडायचं नाही. नाडी मोजून झाली तरी धरूनच ठेवायचं. पेशंटला वाटू दे, अजून नाडीच बघतेय. आणि डोळे हळूच पोटाकडं न्यायचे. आपला श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस तो खोटा घ्यायला लागतो. आणि मोजायचं ते पूर्ण मिनिट. अर्धं मोजून दुप्पट करणारी नर्स मला माझ्या वॉर्डात नको.’

चंद्राबाई सिस्टरांचा हा आवाज जीनतच्या कानात गेली अठरा वर्षं होता. चंद्राबाई रिटायर झाल्या, वारल्या, त्यांची नर्सिंग शाळासुद्धा दुसऱ्या इमारतीत गेली. पण कुणाचं मनगट हातात आलं की तो आवाज यायचा, मऊ आणि दरडावणारा, पानाच्या वासासकट. पुढंपुढं मनगटाचीही गरज उरली नाही. कुपवाडच्या दोन खोल्यांत कामावरून येऊन आडवा पडलेल्या नवऱ्याचा, अजमलचा श्वास ती भाकरी थापता थापता मोजायची. स्कूटी सिग्नलला थांबली की शेजारच्या रिक्षातल्या म्हातारीचा. अजमल हसायचा. ‘जिवंत हाय मी, सिस्टर,’ म्हणायचा, ‘पाहिजे तर सही देतो.’ पण यंदाच्या रमजानपासून तो हे म्हणेनासा झाला होता, कारण तिचा चेहरा बघूनच त्याला कळायचं की काहीतरी अडलंय. आकडा सातावर थांबायचा. समोरचा माणूस श्वास घेत असायचा, पोट वर-खाली होत असायचं, पण तिच्या मनातला आकडा सातावर उभा राहायचा आणि पुढं पाऊल टाकायचा नाही. नमाजनंतर तसबी ओढतानाही तेच. सातवा मणी बोटाखालून सरकला की आठवा लागायचा नाही. नुसता दोरा लागायचा, लांबच लांब, थंड. लहानपणी कुंडलच्या घरात आईच्या मांडीवर बसून शिकलेली तसबी, जी तिने तापातही चुकवली नव्हती, ती मुठीत धरून जीनत बसून राहायची. आणि आत कुठंतरी ऐकू यायचं, फुस्स. मग बराच वेळ काही नाही. मग, फुस्स.

आज सकाळी साडेसातला वॉर्डाचा ताबा देताना रात्रपाळीच्या मुलीने नऊ नंबरची फाइल उघडली आणि नेहमीच्या घाईत म्हणाली, ‘नऊ नंबर, रंगुबाई. जत भागातल्या. डावा खुबा मोडलाय. मार्चमध्ये उजवा मोडला तेव्हाही आपल्याकडंच होत्या. आज अकराला ऑपरेशनला घेणार. आणि हे बघून ठेवा ताई, मॉर्फिन द्यायचं नाही. लाल स्टिकर.’ तिने स्टिकरवर बोट आपटलं आणि पान उलटलं. जीनतच्या डोळ्यांपुढचं पान मात्र उलटलं नाही. स्टिकर नवा होता, मजकूर जुन्या फाइलीतून जसाच्या तसा उतरवलेला. ‘मॉर्फिनला अतिसंवेदनशील. एका डोसनंतर श्वास मंदावला. पुन्हा देऊ नये.’ बाकीची सगळी अक्षरं कागदावर नीट बसली होती. ‘एका’ हा शब्द तेवढा कागदापासून जरा वर, अधांतरी राहिल्यासारखा तिला दिसला. तिने डोळे चोळले. खिडकीतून मार्केटयार्डाकडचा हळदीचा वास येत होता, रोज येतो तसा. चार नंबरचा पेशंट चहा पाहिजे म्हणून ओरडत होता. सगळं रोजच्यासारखं होतं आणि नऊ नंबरच्या खाटेपाशी जायला तिचे पाय तयार नव्हते.

‘आवं बाई, तुमीच हाय न्हवं!’ रंगुबाईंनीच हाक मारली. त्या सहा महिन्यांत निम्म्या झाल्या होत्या. कपाळावरचं गोंदण तेवढं पहिल्याएवढंच राहिलं होतं. स्टुलावर त्यांचा मुलगा भाऊसो बसला होता. तो सांगायला लागला, ‘शेळीच्या मागं पळाली बगा. सत्तरीत. एक पाय सळईवर हाय, तरी पळाली. ऐकतीय व्हय कुणाचं?’

‘तू गप बस,’ रंगुबाई म्हणाल्या. ‘शेळी काय तुजा बा आणणार हुता व्हय माघारी?’

‘बा आसता तर त्योबी पळाला आसता, तुला भिऊन.’

रंगुबाई हसल्या आणि हसता हसता त्यांचा ओठ पांढरा पडला. जीनतने मनगट धरलं. ‘दुखतंय का मावशी?’ ‘न्हाई.’ ‘शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. किती लिहू?’ ‘दोन घाला की.’ मोडक्या खुब्याला दोन. रंगुबाईंच्या खांद्यावरचा पदर जीनतने नीट करायच्या निमित्ताने हातात घेतला. टोकाला बारीक भोकांची ओळ होती, अर्धगोल, दातांच्या मापाची. मार्चमधल्या पदरावरही अशीच ओळ होती. हा दुसरा पदर होता.

तिच्या अ‍ॅप्रनच्या खिशात घडी घातलेला एक फॉर्म होता. पुण्याच्या कुठल्याशा कॉलेजातली मुलगी काल सगळ्या नर्सना वाटून गेली होती. आज दुपारी गोळा करायला येणार होती. दुखण्यावरची औषधं देताना तुम्हाला कितपत सुरक्षित वाटतं, तुमचं म्हणणं डॉक्टर कितपत ऐकतात, तुम्ही स्त्री किंवा पुरुष असल्याने त्यात फरक पडतो का. प्रत्येकापुढं पाच चौकटी. काल रात्री भांडी घासून झाल्यावर जीनतने तो भरला होता, न अडखळता, सगळीकडं तीन नंबरच्या चौकटीत खूण करत. ‘सांगता येत नाही.’ त्या वेळी तिला काहीच वाटलं नव्हतं. आता मनगट हातात असताना वाटलं, की काल रात्री खाटेवर आपणच निजलो होतो आणि कुणीतरी विचारत होतं, किती लिहू, आणि आपण पदर दातात धरून म्हणत होतो, तीन घाला की.

वॉर्डात एक रीत होती. ती कुणी पाडली हे कुणाला आठवत नव्हतं. सिस्टरने फोन करून सांगितलं की पेशंटला फार दुखतंय, तर वॉर्डाचे डॉक्टर, जयराज सर, म्हणायचे, ‘पॅरासिटामॉल चालू आहे ना? मग बघू.’ तेच वाक्य दिग्विजय ब्रदरने, वॉर्डातल्या पुरुष नर्सने, म्हटलं की म्हणायचे, ‘बरं, दे.’ जयराज सर काही वाईट माणूस नव्हते. त्यांचे कानच तसे वळले होते. पेशंटचेही. सव्वीस वर्षांच्या दिग्विजयला सगळे डॉक्टर म्हणायचे आणि जीनतला ‘ओ बाई’. मग सिस्टर लोक म्हणायच्या, ‘दिगू, तुझा आवाज दे रे जरा.’ तो फोन करायचा, ऑर्डर घ्यायचा. औषध द्यायची सिस्टर आणि सही करायचीही सिस्टर. आवाज त्याचा, हात हिचा. औषध देताना दुसऱ्या माणसाने बघून करायची सही चहाच्या वेळी सगळ्यांची एकदम व्हायची. पोरगा गुणी होता. बायका पेशंट तो आला की चादर गळ्यापर्यंत ओढायच्या, म्हणून तो दारातूनच खाकरून यायचा. एकदा डबा खाताना म्हणाला होता, ‘घरी सांगितलंय हॉस्पिटलात आहे म्हणून. नर्स आहे हे मुलगी बघायला जाताना मामा सांगूच देत नाही, ताई.’

आणि रमजानचा तो दिवस. दुपारचे दोन. रंगुबाईंच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस, तोंडात पदर, वरच्या ओठावर घाम. जीनतने आधी स्वतः फोन केला होता. ‘किती सांगतेय ती?’ ‘दोन म्हणतात सर, पण—’ ‘मग दोनच ना? रानातली माणसं, त्यांना एवढं जाणवत नाही. तुम्ही सिस्टर लोक पेशंटपेक्षा जास्त रडता.’ मग दिग्विजयचा आवाज. मग ‘बरं, दे.’ तेवढ्यात चार नंबरला ओरडा झाला. त्या खाटेवर तेव्हा हर्नियाचा एक धडधाकट गडी होता, ज्याला सकाळपासून ओरडण्यावरच दोन इंजेक्शनं मिळाली होती. त्याने सलाइनची नळी उपसली होती आणि रक्ताची धार लागली होती. जीनत तिकडं धावली. दिग्विजयच्या मनात आलं असणार, ताईंचा रोजा आहे, एक काम कमी. त्याने मॉर्फिन भरलं, रंगुबाईंच्या नळीतून दिलं आणि सही केली नाही, कारण ती चौकट कधीच त्याची नव्हती. खाली एक्स-रेला पेशंट उचलायला माणूस पाहिजे म्हणून हाक आली आणि तो गेला. उचलायला नेहमी ब्रदरच लागतो. जीनत परत आली. सहीची चौकट रिकामी. रंगुबाईंना विचारलं, ‘काही दिलं का मावशी?’ ‘न्हाई,’ रंगुबाई म्हणाल्या, त्या सगळ्यालाच न्हाई म्हणायच्या. जीनतने दुसरी कुपी फोडली.

त्यानंतरचं तिला आवाजात आठवतं, चित्रात नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून खाटेवर हवेची गादी होती. तिचा पंप पायथ्याला टांगलेला; तो हवा भरायचा आणि सोडायचा, फुस्स, फुस्स. पंधरा मिनिटांनी तिने मनगट धरलं. चंद्राबाई बोलायला लागल्या. डोळे पोटाकडं. तोंडातून अगदी हलका, तिचा तिलाच ऐकू जाईल असा आकडा. एक. दोन. मध्ये फार जागा होती. तीन. चार. रंगुबाईंचा चेहरा असा निवांत तिने कधी बघितला नव्हता, आणि त्या निवांतपणाचीच तिला भीती वाटली. पाच. सहा. हा श्वास की पंप? सात. मग ती थांबली. घड्याळाचा काटा चाळिसावर होता, पंचेचाळीसवर गेला, पोट हललं नाही. मिनिट पुरं व्हायच्या आत तिने मनगट सोडलं. भिंतीवरचा ऑक्सिजन लावला आणि फोन उचलला. ‘सर, नऊ नंबरचा श्वास पडतोय.’ ‘झोपली असेल हो. रात्रभर जागी होती ना?’ ‘सर, मी मोजलाय.’ आणि मग तो आवाज जरा मऊ झाला, खरोखर काळजीने. ‘सिस्टर, तुमचा रोजा आहे ना? पोटात पाणी नाही. जरा बसा बघू.’ फोन बंद.

उताऱ्याचं इंजेक्शन कपाटात होतं. कपाट तीन पावलांवर. श्वास थांबत असेल तर विचारत बसू नका, द्या, असा कागद त्या कपाटावर चिकटवलेला होता. चिकटवणारी जीनतच होती. ती कपाटाकडं गेली नाही. ती दोन मजले उतरून एक्स-रेच्या खोलीत गेली, दिग्विजयला शोधायला. त्याचा आवाज आणायला. हे तिला अजूनही आठवतं: आपण पळत होतो, जीव खाऊन पळत होतो, आणि उलट्या बाजूला पळत होतो.

दिग्विजयचा फोन जाताच जयराज सर धावत आले. उतारा दिला. रंगुबाईंनी असा एक श्वास आत ओढला की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. ‘किती दिलं होतं?’ सरांनी विचारलं. ‘एकच, सर,’ दिग्विजय म्हणाला. पांढराफटक पडला होता. ‘मीच दिलं.’ तेव्हा तिला कळलं. आत्तापर्यंत जगात एकालाही ठाऊक नसलेली गोष्ट तिला कळली आणि तिने तोंड उघडलं. तोंडात जीभ कोरडी होती. दुसरं इंजेक्शन माझं, हे वाक्य तयार होतं, आणि त्याच्या मागोमाग दुसरं वाक्य तिला ऐकू आलं, सरांच्या, मॅनेजरच्या, सगळ्या कॉरिडॉरच्या आवाजात: रोज्यात चक्कर आली असेल, दोनदा देऊन बसली. पुढच्या रमजानला नूरीनला, पलीकडच्या वॉर्डातल्या नव्या मुलीला, रोजा धरायचा असेल तर रजा घ्या म्हणून सांगतील. तिने तोंड मिटलं. संध्याकाळी मॉर्फिनच्या कुप्यांचा हिशेब ठेवायच्या वहीत, आपल्या सुवाच्य अक्षरात, तिने लिहिलं: एक फुटली. इफ्तारीचा खजूर तोंडात घातला तेव्हा तो काचेसारखा लागला.

तिसऱ्या दिवशी रंगुबाईंनी तिला जवळ बोलावलं. भाऊसो औषधं आणायला गेला होता. ‘बाई, तुमी मोजत हुता न्हवं?’ जीनत चादर सारखी करायला लागली. ‘म्या आयकत हुते. आमच्यात मामंजी तिनीसांजंला वाड्याच्या दाराशी बसायचे, येक येक मेंढरू पाठीला हात लावून आत सोडायचे. तसंच हुतं. सात आत आली. मग तुमचा हात न्हाई. बाकीची दाराशी उभी. मला दिसत्यात, माना खाली घालून उभी हायती. ना आत येत्यात, ना माघारी जात्यात.’ भ्रम होता. औषधाचा असा भ्रम होतो, हे तिला शिकवलेलं होतं. पण आकडा कुणी सांगितला होता? ती तिच्यापुरतीच पुटपुटत होती, ओठसुद्धा नीट हलले नव्हते. ‘राहिलेली कवा घेणार आत?’ रंगुबाईंनी विचारलं, एखादीने उसनं पातेलं मागावं तितक्या सहज. ‘आणि आजून येक. मला बोलाय येत न्हाई बगा. बाईनं दुकलं म्हणू नी, ह्येच आयकत म्हातारी झाले. दुकलं तर माज्यासाटनं तुमी बोला.’ जीनतने त्यांचा हात दोन्ही हातांत धरून सांगितलं होतं, ‘बोलते मावशी. अल्लाची शपथ, बोलते.’ पुढचे आठ दिवस रंगुबाईंना नुसतं पॅरासिटामॉल होतं, फाइलीतल्या लाल शाईच्या त्या शेऱ्यामुळं. पदर चावून त्या बऱ्या झाल्या. ‘बाई खमकी आहे,’ जयराज सर राउंडला म्हणाले होते. जीनत तिथंच ट्रे धरून उभी होती.

दहा वाजून गेले. ऑपरेशनचा गाऊन घालायला नर्सिंगच्या दोन मुली नऊ नंबरकडं गेल्या तेव्हा तिने पाहिलं, गादीच्या पंपाची वायर भिंतीपासून निघून खाली लोंबत होती. मघाशी झाडताना निघाली असेल. पंपाचा दिवा विझलेला होता. फुस्स, असा आवाज आला. जीनतने इकडंतिकडं बघितलं. मुली बोलत होत्या, त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. फुस्स. आवाज पंपातून येत नव्हता, रंगुबाईंच्या नाकातून येत नव्हता. वॉर्डाच्या दारापाशी पुष्कळ जणांनी एकमेकांना खेटून उभं राहावं आणि कुणीतरी धीर धरून नाकातून हवा सोडावी, तसा तो होता. ओल्या लोकरीचा वास आला. दारात कुणीच नव्हतं. उंबऱ्यापाशी फरशीचा एक चौकोन नुकताच पुसलेला, ओला होता. इतकंच.

‘ताई, मी करू का फोन?’ दिग्विजय शेजारी येऊन उभा होता. त्याच्या हातात ट्रे होता आणि ट्रेमधल्या कुप्या किणकिणत होत्या. मार्चपासून इंजेक्शनचा ट्रे त्याच्या हातात असाच वाजायचा. ‘म्हातारीला नंतर लय दुखणार. दुसरं काहीतरी चालेल का, विचारतो सरांना. मॉर्फिन तर...’ तो थांबला. ‘मला अजून झोपेत दिसते ती. माझ्या हातनं गेली असती.’

जीनतने त्याच्या ट्रेवर हात ठेवला. किणकिण थांबली. सहा महिने तिला वाटत आलं होतं की आपण फक्त गप्प बसलो आहोत, आणि गप्प बसणं म्हणजे काही करणं नव्हे. इथं हा पोरगा झोपेत एका न केलेल्या पापाला भीत होता. तिथं एक बाई तिसरा पदर चावायला निघाली होती. मॉर्फिन तिला चाललं असतं. एक डोस चाललाच असता, बिनबोभाट, झोप आली असती तिला. फाइलीतला एक खोटा आकडा तिच्या हयातभर तिच्या उशाशी बसणार होता आणि तो खोटा आहे हे फक्त एका माणसाला माहीत होतं.

‘दिगू,’ ती म्हणाली, ‘तुझं इंजेक्शन बरोबर होतं.’

‘म्हणजे?’

‘दुसरं मी दिलं होतं. तुझ्यानंतर. सही दिसली नाही म्हणून. वहीत फुटली लिहिलेली कुपी, ती फुटली नव्हती.’

त्याला राग यायला हवा होता. तो वाटेत कुठंतरी असावा. आधी त्याचे डोळे भरले. मग त्याने दाराकडं बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. ‘ताई, आता कशाला काढताय? सर नोकरीवरून काढतील. आणि रोजा होता म्हटल्यावर लोक काय काय... थांबा, मी सांगतो त्यांना. माझं ऐकतात ते. मी असं सांगतो की दोन्ही माझ्याच—’

‘नको,’ जीनत म्हणाली. आवाज तिने चढवला नाही, तिला तो चढवता यायचा नाही. ‘तुझा आवाज आज मला नको.’

तिने खिशातला फॉर्म काढून टेबलावर ठेवला. सगळ्या तिनांवर एक आडवी रेघ मारली. नवीन खुणा करायला नंतर वेळ मिळेल की नाही ठाऊक नव्हतं. कुप्यांची वही आणि नऊ नंबरची फाइल काखेत घेतली. जयराज सर या वेळी वरच्या मजल्यावर ऑपरेशनआधीचा चहा घेत बसतात. फोन टेबलावरच होता, तिच्या हाताएवढ्या अंतरावर. फोनवर तो मऊ आवाज पुन्हा येईल आणि जरा बसा म्हणेल, हे तिला माहीत होतं. समोर उभ्या असलेल्या बाईला बसा म्हणता येतं, पण बंद करता येत नाही.

जाताना ती खाटेपाशी थांबली. गाऊन घातलेल्या रंगुबाई लहान मुलीसारख्या दिसत होत्या. भाऊसो खाली सह्या करायला गेला होता. ‘बाकीची आजून उभी हायती बगा,’ त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

‘मावशी, किती दुखतंय? खरं सांगा. मी लिहिणार नाही, बोलणार आहे.’

रंगुबाईंचा हात पदर शोधत गाऊनवर फिरला. ‘लय,’ त्या म्हणाल्या. ‘लय दुकतंय गं बाई.’ आणि म्हणून झाल्यावर, काहीतरी फोडल्यासारख्या, घाबरून तिच्याकडं बघत राहिल्या.

जीनतने मनगट धरलं नाही. नुसता पाठीखाली हात घालून, जिथं गादी टोचत होती तिथं, एकदा थोपटलं. मग चपला नीट पायात सरकवल्या, कारण मार्चमध्ये पळताना एक निसटली होती, आणि चालायला लागली, पळाली नाही. दोन खाटा, चार खाटा. दिग्विजय ट्रे धरून तिथंच उभा. दारापाशी पोचली तेव्हा हवा गरम आणि दाट झाली, दोन्ही बाजूंनी काहीतरी अंग चोरून तिला वाट देतंय असं वाटलं. तिने आत ओढलेला श्वास छातीत धरला, ‘बिस्मिल्ला’ म्हटलं आणि त्या ओल्या फरशीवरून पाय पलीकडं टाकला.

मागून, नऊ नंबरच्या खाटेवरून, दमलेला, हलका, पण मोजणाऱ्याचा ठाम आवाज आला.

‘आठ.’